ऊन दिवसांचे, वादळ घटकेचे : फलोदीच्या मैदानातील उन्हाळा

चैत्र सरत आला की राजस्थानच्या पश्चिमेकडील वाळवंटी मैदानात उन्हाचा अंमल सुरू होतो. जोधपूरच्या वायव्येस सुमारे १४० किलोमीटरांवर, जैसलमेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, फलोदी हे लहानसे शहर वसलेले आहे. २०२३ साली ते एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. भोवताली वाळूची सपाट जमीन, विरळ विखुरलेली खेजडीची झाडे, मधूनमधून ‘ढाणी’ म्हणजे शेतातच असलेली चार-सहा घरांची वस्ती, आणि पावसावर किंवा खोल कूपनलिकांवर चालणारी शेती, असे या मुलखाचे स्वरूप आहे. १९ मे २०१६ रोजी या फलोदीत ५१.० अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आपल्या देशातील मान्य नोंदींत हे तापमान सर्वाधिक होय. त्यापूर्वीचा उच्चांक राजस्थानातीलच अलवर येथील, १० मे १९५६ रोजीचा, ५०.६ अंशांचा होता. २०२४ च्या मे महिन्यातही फलोदीचा पारा ५० अंशांना भिडला.

या आकड्यांची चर्चा सर्वत्र होते. परंतु या मैदानातील शेतकऱ्याला उन्हाळ्यात एका नव्हे, तर दोन शत्रूंशी सामना करावा लागतो. एक उष्णता, आणि दुसरे त्याच उष्णतेच्या पोटी जन्मणारे धुळीचे व विजेचे वादळ. या दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. उष्णतेची लाट चार-पाच दिवस आधी कळते आणि आल्यावर कित्येक दिवस मुक्काम करते. वादळ येणार असा मोघम इशारा एक-दोन दिवस आधी मिळू शकतो. पण ते नेमके कोणत्या गावावर येणार, हे दोन-तीन तासांपूर्वीच कळते, आणि आल्यावर अर्ध्या तासात ते आपले काम उरकून निघून जाते. एवढ्या अवधीत छपराचे पत्रे बांधून होत नाहीत, खळ्यातील माल हलवून होत नाही आणि रानात गेलेला कळप परत आणता येत नाही. म्हणून वादळाची तयारी वादळाची सूचना येण्यापूर्वीच, उन्हाच्या दिवसांत पुरी करून ठेवावी लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः हीच गोष्ट सांगावयाची आहे.

या दूरच्या मुलखाची हकीकत मराठी शेतकऱ्याने का वाचावी, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, उन्हाळ्यात थरच्या वाळवंटावर व त्याच्या आसपास हवेच्या कमी दाबाचे जे क्षेत्र तयार होते, त्याचा नैऋत्य मोसमी वाऱ्यांना भूप्रदेशाकडे ओढून घेण्यात वाटा असतो. तिकडचे ऊन आणि इकडचा पाऊस यांचा असा संबंध आहे. शिवाय विदर्भातील उष्णता, मराठवाड्यातील वळीव आणि गारपीट, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडा उन्हाळा यांना तोंड देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना फलोदीच्या अनुभवातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

मैदान एवढे का तापते?

फलोदी सुमारे २७ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य कधीही अगदी डोक्यावर येत नाही. तरीही जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या अगदी जवळ असतो आणि दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा होतो. आकाश निरभ्र, जमीन कोरडी आणि झाडोरा विरळ. ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. येथे वाफ करावयास पाणीच नसते. त्यामुळे ती सारी उष्णता जमीन आणि तिच्या लगतची हवा तापविण्याकडे लागते. कोरडी वाळू उष्णता खाली मुरू देत नाही. वरचा पातळ थर भराभर तापतो आणि रात्री तितक्याच वेगाने निवतो. त्यात पश्चिमेकडून कोरडे उष्ण वारे वाहू लागले की तेथील लोक ज्याला ‘लू’ म्हणतात तो झोत सुरू होतो.

येथे ग्रामसेवकाने एक गोष्ट शेतकऱ्यांना आवर्जून समजावून द्यावी. हवामान खात्याच्या पत्रकात दिलेले तापमान हे पांढऱ्या रंगाच्या, हवा खेळती ठेवणाऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून काही उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचे असते. ते सावलीतील हवेचे तापमान होय. उन्हात काम करणाऱ्या माणसाला आणि उघड्या वाळूवर उभ्या असलेल्या शेळीला त्याहून कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागते. पत्रकात ४५ अंश लिहिले असेल त्या दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर गेलेला असू शकतो.

लोकांचा पंचांगावर विश्वास असतो, आणि त्यात अनुभवाचा अंशही आहे. सुमारे २५ मे रोजी सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. राजस्थानात त्यानंतरच्या नऊ दिवसांना ‘नौतपा’ म्हणतात आणि ते वर्षातील सर्वांत तापदायक दिवस मानले जातात. परंतु वर दिलेल्या नोंदी पाहिल्या तर १९५६ चा व २०१६ चा हे दोन्ही उच्चांक नौतपा लागण्यापूर्वीचेच आहेत, हे ध्यानात येईल. ऊन पंचांगाची वाट पाहत नाही. म्हणून नौतप्याची तयारी नौतपा आल्यावर करावी हा विचार सोडून, एप्रिलच्या आरंभापासूनच सावध राहणे इष्ट होय.

आंधी कशी उठते?

धुळीच्या मोठ्या वादळाला तिकडे ‘आंधी’ म्हणतात. वावटळ आणि आंधी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुपारी तापलेल्या जमिनीवरून धुळीचा एखादा खांब गरगरत उठतो आणि थोड्याच वेळात विरून जातो, ती वावटळ. आंधी ही गडगडाटी ढगाची संतती असते. वाऱ्याचा दाबफरक मोठा झाला तर ढगावाचूनही दिवसभर धूळ उडत राहते, हे खरे. पण अचानक येऊन घरे पाडणारी आंधी बहुधा ढगातूनच उतरते. पी. व्ही. जोसेफ, डी. के. रायपाल आणि एस. एन. डेका या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० साली वायव्य भारतातील आंधीविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याच प्रकारच्या वादळाचा विचार केलेला आहे.

तिची घडण पुढीलप्रमाणे होते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ उन्हाळ्यातही उत्तर भारतावरून जात असतात. त्यांच्यामुळे उंचावर थंड हवा येते. खाली जमिनीलगत तप्त हवा असते. त्यातच अरबी समुद्राकडून किंवा पूर्वेकडून थोडेसे बाष्प आले, की तप्त हवा वेगाने वर चढून उंच गर्जनमेघ उभा राहतो. मात्र खालची हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे या ढगाचा तळ खूप उंचावर असतो. त्यातून पडणाऱ्या पावसाचे थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाटेत सुकून जातात. थेंब सुकताना आजूबाजूची हवा थंड होते. थंड हवा जड असते. ती ढगाखालून धबधब्यासारखी खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. या पसरणाऱ्या वाऱ्याची कड सुटी वाळू उचलून पुढे रेटते, आणि दूरवरून पाहणाऱ्याला क्षितिजावर धुळीची भिंत चालून येताना दिसते. ती आली की भर दुपारी अंधारते, पारा झपाट्याने उतरतो, आणि पुष्कळदा पावसाचे चार थेंबही पडत नाहीत. विजा मात्र कडाडतात.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, दुपारच्या तीव्र उन्हानंतर पश्चिमेस किंवा वायव्येस काळसर ढग आणि त्याखाली तांबूस-पिवळी कड दिसू लागली, तर वादळाला फार तर घटका-दोन घटकांचा अवकाश आहे असे समजावे. दुसरा, पाऊस नाही म्हणून वीज नाही, असे कदापि मानू नये. कोरड्या वादळातील वीजही तितकीच घातक असते.

वादळ दिवसाच येते असेही नाही. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थानातील भरतपूर, अलवर, धोलपूर या जिल्ह्यांत आणि उत्तर प्रदेशात आग्र्याच्या परिसरात धुळीच्या व विजेच्या वादळांनी शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. अनेकांचा मृत्यू झोपेत असता अंगावर भिंत किंवा छप्पर कोसळून झाला. रात्रीच्या वेळी सूचना मिळाली तरी ती वाचणारा जागा नसतो. हा धडा प्रत्येक गावाने लक्षात ठेवावा.

अंदाज कसा वाचावा?

हवामानाचा अंदाज म्हणजे एकच वस्तू नव्हे. दूरचा, मधला आणि अगदी जवळचा असे त्याचे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा आहे.

उन्हाळ्याच्या आरंभी भारतीय हवामान खाते संपूर्ण ऋतूचा अंदाज प्रसिद्ध करते. यंदा उष्ण दिवस नेहमीपेक्षा अधिक राहतील की कमी, एवढेच त्यावरून कळते. त्याचा उपयोग पाणी, वैरण आणि औषधे यांचा साठा ठरविण्यासाठी करावा. दर गुरुवारी निघणाऱ्या विस्तारित अंदाजावरून पुढील दोन आठवड्यांचा कल समजतो. काढणी, मळणी आणि वाहतूक यांचे बेत त्यावरून आखावेत. चार-पाच दिवसांच्या अंदाजात उष्णतेच्या लाटेचा आणि वादळाचा जिल्हावार इशारा असतो. आणि सर्वांत जवळचा तो तात्कालिक अंदाज. रडार आणि उपग्रह यांच्या आधारे तो पुढील तीन तासांपुरता दिला जातो. वादळ कोणत्या भागावर येणार, हे नेमकेपणाने सांगणारा अंदाज हाच होय.

इशाऱ्यांचे रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे तत्काळ कृती करा. तांबड्या रंगाची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. वादळाच्या बाबतीत पिवळ्या रंगाच्या दिवशीच साहित्य बांधून घ्यावे आणि नारिंगी रंग दिसताच रानातील कामे दुपारपूर्वी आटोपावीत.

‘उष्णतेची लाट’ या शब्दालाही निश्चित अर्थ आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असून ते त्या दिवसाच्या सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल, तर ती उष्णतेची लाट. वाढ ६.४ अंशांहून जास्त असेल, तर ती तीव्र लाट. सरासरी कितीही असो, पारा ४५ अंशांवर गेला की लाट आणि ४७ अंशांवर गेला की तीव्र लाट मानतात. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अशी स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट घोषित होते. म्हणजे घोषणा होईपर्यंत शरीरावर ताण पडून एक दिवस उलटून गेलेला असतो. म्हणून घोषणेपेक्षा पूर्वसूचनेकडे अधिक लक्ष द्यावे.

शेतीविषयक हवामानशास्त्राचा पाया आपल्या देशात पुण्यास घातला गेला, ही मराठी माणसास परिचित असावी अशी गोष्ट आहे. १९३२ साली एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली हवामान खात्याची कृषी हवामान शाखा तेथे सुरू झाली. आज पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन आपल्या जवळपास वीज पडत असल्याची सूचना देते, तर ‘मेघदूत’ या साधनावर शेतीचा हवामान सल्ला मिळतो. ग्रामसेवकाने ही दोन्ही साधने स्वतः वापरावीत आणि ज्यांच्याजवळ असा मोबाइल नाही त्यांच्यापर्यंत सूचना कोण पोहोचविणार, हे नावानिशी ठरवून ठेवावे. मंदिराचा किंवा मशिदीचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, थाळीचा नाद, यांपैकी जे गावात चालेल ते चालेल; परंतु खूण एकच असावी आणि ती सर्वांना ठाऊक असावी.

खळ्यातील माल आणि जमिनीची माती

फलोदीच्या परिसरात रब्बीत जिरे, इसबगोल, मोहरी आणि कांदा ही पिके होतात. यांपैकी इसबगोलाचे पीक अवकाळी वादळाला सर्वाधिक भिणारे आहे. मार्च-एप्रिलमध्ये कणसे पक्व झालेली असताना हलकीशी सर आली तरी दाणे गळून पडतात, आणि ज्या टरफलासाठी हे पीक घ्यावयाचे ते पाण्याने फुगून निकामी होते. वाळवंटात पाऊस म्हणजे वरदान. पण या एका पिकाच्या मालकाला त्या दोन आठवड्यांत पावसाचा थेंब नको असतो. चार महिन्यांचे श्रम अर्ध्या तासात मातीस मिळतात. जिऱ्याचीही गत फारशी निराळी नाही. फुलोऱ्यात ढगाळ हवा आली की करपा बळावतो आणि कापून ठेवलेल्या पिकाला वारा उडवून नेतो.

यावर उपाय असे. सारे पीक एकाच वेळी कापून शेतात पसरून ठेवू नये. जेवढे दोन दिवसांत मळून होईल तेवढेच कापावे. खळे किंचित उंच जागी करावे व भोवती चर खणावा. ताडपत्री विकत घेऊन घरात घडी घालून ठेवण्यात अर्थ नाही. ती खळ्यावरच असावी आणि तिच्या कडांना दोर ओवलेले असावेत. गंजीवर दगड ठेवण्यापेक्षा जाळी किंवा दोर टाकून तो खुंट्यांना आवळावा. मळलेला माल रात्री उघड्यावर ठेवू नये. सौरपंपाच्या चौकटीचे बोल्ट महिन्यातून एकदा आवळावेत आणि पॅनेल फिरविता येण्याजोगे असल्यास वादळापूर्वी ते आडवे करून ठेवावे.

आता जमिनीविषयी. आपल्याकडे काळ्या भारी जमिनीत उन्हाळी नांगरट करावी, ढेकळे तापू द्यावीत, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु थरच्या वाळूला तोच नियम लावला तर अनर्थ ओढवतो. तेथे एप्रिल ते जून या काळात नैऋत्येकडून जोरदार वारे वाहतात. नांगरून मोकळी केलेली वाळू त्यांच्याबरोबर उडून जाते आणि तिच्यासोबत जमिनीतील थोडाबहुत कस असतो तोही जातो. म्हणून बाजरीचे धसकट गुडघ्याला येईल एवढे उभे ठेवावे, पहिल्या चांगल्या पावसापर्यंत नांगर घालू नये आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने झाडांच्या रांगा लावाव्यात, असे तेथील शास्त्र सांगते. जोधपूर येथे १९५२ साली मरुभूमीत वनीकरण करण्यासाठी एक केंद्र स्थापन झाले. पुढे १९५९ साली त्याचेच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. वाळूच्या टेकड्या स्थिर करणे आणि वारारोधक पट्टे लावणे या कामी या संस्थेने फार मोठी कामगिरी केली आहे. आपल्याकडील हलक्या, वालुकामय जमिनीच्या शेतकऱ्यांनीही शेजारच्या काळ्या रानातील रीत डोळे झाकून उचलू नये, हा यातील बोध होय.

पाणी आणि जनावरे

या मैदानात पाण्याची जुनी व्यवस्था म्हणजे ‘टांका’. जमिनीत बांधलेले गोल हौद आणि त्याभोवती उतार देऊन चोपून तयार केलेले अंगण, अशी त्याची रचना असते. या अंगणास ‘आगोर’ म्हणतात. त्यावर पडलेला पाऊस वाहत येऊन हौदात साठतो. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी या मुलखाच्या काही भागांत पोहोचले असले तरी उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात, आणि तेव्हा टांक्याचे महत्त्व पुन्हा पटते.

आंधीमुळे टांक्याचे दोन प्रकारे नुकसान होते. उघड्या तोंडातून धूळ व काडीकचरा आत जातो, आणि आगोरावर वाळूचा थर साचून पुढच्या सरीचे पाणी तेथेच जिरते. म्हणून टांक्याच्या तोंडावर घट्ट झाकण हवे, पाणी आत येण्याच्या मार्गावर जाळी हवी आणि प्रत्येक वादळानंतर आगोर झाडून काढला पाहिजे. हे काम केले असेल तर मे-जूनमधील वळवाची एखादी दमदार सरही कुटुंबाला काही दिवसांचे पाणी देऊन जाते. त्याच वादळात ज्याचा आगोर घाण राहिला, त्याच्या पदरी फक्त चिखल येतो.

जनावरांत थारपारकर व राठी या तेथील गाई उष्णता सोसण्यास समर्थ आहेत. म्हशीची त्वचा काळी आणि तिच्यातील घर्मग्रंथी थोड्या. त्यामुळे तिला सावली, पाणी व अंगावर पाण्याचा शिडकावा यांची सर्वाधिक गरज असते. दुभत्या व गाभण जनावरांना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ, थंड पाणी दाखवावे. चराई पहाटे व सायंकाळी करावी. वैरणीचा मोठा वाटा रात्री द्यावा, कारण रवंथ करताना शरीरात उष्णता निर्माण होते. मिठाची चाटण-वीट गोठ्यात टांगलेली असावी. पाण्याच्या हौदावर सावली करावी. उन्हाने कढत झालेले पाणी जनावर पुरेसे पीत नाही.

वादळात कळपाला मोठा धोका विजेचा. मेंढ्या-शेळ्या घाबरून एखाद्या झाडाखाली दाटीवाटीने उभ्या राहतात. सपाट मैदानात खेजडी हे एकच उंच झाड असते आणि वीज उंच वस्तूकडेच धाव घेते. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. चौपायी जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्यामुळे तो प्रवाह त्याच्या शरीरातून, हृदयावरून जातो. म्हणून एका झाडाखाली सारा कळप गतप्राण झाल्याचे दिसते. खेजडी, म्हणजेच आपली शमी, या मुलखाची अन्नदात्री आहे. तिची पाने जनावरांना आणि शेंगा माणसांना उपयोगी पडतात. परंतु विजेच्या वेळी तिचा आसरा घेणे हा घात होय. गुराख्याने आकाश अंधारताच कळप झाडांपासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, सखल जागी न्यावा आणि त्याला शक्य तितका विखरून ठेवावा.

माणसांचे रक्षण

उन्हात काम करणाऱ्याने दुपारी १२ ते ४ या वेळेत विसावा घ्यावा, तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे, आणि डोके व मान सैल सुती वस्त्राने झाकावी. तिकडे राबडी व ताक यांचा आणि आपल्याकडे ताक व पन्हे यांचा जो प्रघात आहे, तो आरोग्याच्या दृष्टीने हितकारकच आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळविले असता घरच्या घरी जलसंजीवनी तयार होते.

थकवा, गरगरणे, मळमळ, पायात पेटके ही पहिली लक्षणे होत. अशा माणसास सावलीत निजवून पाणी द्यावे. परंतु अंग चटका बसण्याइतके तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे ओली थंड फडकी ठेवावीत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राण जाण्याचा संभव असतो.

विजेबाबत एक सोपी खूण आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस अंकांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. तत्काळ पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नये. आसरा मुळीच नसेल तर पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, तेव्हा त्याला स्पर्श करावयास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा. अशा वेळी कोणी धीराने पुढे झाला तर जीव वाचू शकतो. आपल्या देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात, आणि त्यांत शेतात काम करणाऱ्यांचा भरणा मोठा असतो.

घराविषयी दोन शब्द. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची चाल तिकडे आहे तशी आपल्याकडेही आहे. जोराच्या वाऱ्यात तेच दगड निजलेल्या माणसावर कोसळतात. दगडाऐवजी आकडे व तार वापरून पत्रे वाशांना जखडावेत. कच्च्या भिंतीच्या कडेला, विशेषतः मुलांना, निजवू नये. वादळाची चिन्हे दिसताच चुलीतील निखारे पाण्याने विझवावेत. गवती छपरांच्या वस्तीत एका ठिणगीने सारी ढाणी भस्मसात होऊ शकते.

ग्रामसेवकाचे काम

वरील सर्व सूचना शेतकऱ्यास नव्या नाहीत. अडचण असते ती त्या वेळेवर अंमलात येण्याची. यासाठी ग्रामसेवकाने गुढीपाडव्याच्या सुमारास गावात एक बैठक बोलवावी आणि तीत चार गोष्टींचा निर्णय घ्यावा. वादळाची सूचना कोण वाचील व कोणती खूण करील. रात्रीच्या वेळी जागे राहण्याची पाळी कोणाची. वृद्ध, एकटी राहणारी माणसे व लहान मुलांच्या माता यांची विचारपूस कोण करील. आणि शाळा, समाजमंदिर यांसारख्या पक्क्या इमारतींची किल्ली कोणाजवळ राहील. किल्ली सापडत नाही म्हणून दहा पावलांवरील पक्के घर उपयोगी पडू नये, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. नंतर मे महिन्याच्या आरंभी प्रत्येक घराचे पत्रे, प्रत्येक खळ्याची ताडपत्री आणि प्रत्येक पाणवठ्याचे झाकण एकदा हिंडून पाहावे.

नैऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे १ जून रोजी केरळात येतो आणि सर्वसाधारण वेळापत्रकानुसार ८ जुलैपर्यंत साऱ्या देशावर पसरतो. आपल्याकडे मृगाच्या सरींनी पेरणीची लगबग सुरू होते तेव्हाही फलोदीचा शेतकरी आणखी कित्येक आठवडे ऊन आणि आंधी यांच्या मध्ये उभा असतो. त्या काळात त्याला तारणारी गोष्ट म्हणजे अगोदर करून ठेवलेली तयारी. आपला उन्हाळा त्याच्याहून सौम्य आणि आपला पाऊस त्याच्याहून लवकरचा. तेव्हा आपल्या शेतकरी बंधूंनी निदान एवढे करावे : उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, शिडी लावून घरावर चढावे, पत्र्यांवरील दगड उतरवून ठेवावेत आणि त्यांच्या जागी आकडे बसवावेत.